तिसरा मजला, निशी-कासाई

पहिल्या रात्री आमच्या घरात दिवा नव्हता. लाईट गेली होती असं नाही, मेन स्विच चालू होता, भिंतीवर बटणं होती, पण बटण दाबून पेटायला छताला काही लावलेलंच नव्हतं, नुसतं एक गोल सॉकेट. जपानमध्ये भाड्याचं घर घेतलं की दिवे आपले आपण आणायचे, पडदे आपले, गॅसची शेगडी आपली, आणि घर सोडताना हे सगळं काढून परत कोरं घर द्यायचं. नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं हे, पण सांगलीत बसून ऐकताना ते डोक्यात शिरलंच नव्हतं. बाथरूममध्ये आणि ओट्यावर तेवढा दिवा होता म्हणून मी, नवरा आणि लहान लेक असे तिघं ओट्यापाशी जमिनीवर बसलो, कॉन्बिनीतून म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून आणलेले भाताचे त्रिकोण खाल्ले आणि बॅगा उशाला घेऊन झोपलो. बाहेर पाऊस. जूनचा शेवट, म्हणजे इथल्या पावसाळ्याचे, त्सुयुचे दिवस. पावसाचा आवाज तेवढा ओळखीचा होता.

आता वर्ष होऊन गेलं. तोक्योला यायला निघालेल्या ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की घर लावायला काय काय लागतं, सामान काय आणू, तर म्हणलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू.

घर कसं मिळालं ते आधी. नवरा आमच्या तीन महिने आधी आला होता, कंपनीनं दिलेल्या एका खोलीत राहून घर शोधत होता. एजंट त्याच्यासमोरच मालकाला फोन लावायचा, आणि बोलता बोलता "गाईकोकुजिन" म्हणजे परदेशी हा शब्द आला की दोन मिनिटात फोन बंद, आणि एजंट मान खाली घालून सॉरी म्हणायचा. अशी चार घरं गेली. तो मला रात्री हे सांगायचा तेव्हा मला फार लागायचं, आणि लगेच हेही आठवायचं की आपल्याकडे पुण्या-मुंबईत आडनाव विचारून घर नाकारतातच की लोकांना, आपल्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं एवढंच. ज्याच्या वाट्याला येतं त्याला कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

आणि पैशांचं गणितही वेगळं. आपल्याला डिपॉझिट आणि एजंटचा एक महिना एवढंच माहीत. इथं खासगी घराला शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, मग रेइकिन म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला द्यायची भेट, बहुतेक एक महिन्याचं भाडं आणि ते परत मिळत नाही, मग एजंटची फी, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, आगीचा विमा, कुलूप बदलायचे पैसे, आणि बऱ्याच घरांना दर दोन वर्षांनी करार वाढवताना पुन्हा एक भाडं. म्हणजे पहिल्याच दिवशी भाड्याच्या चार-पाच पट रक्कम हातात हवी. मग ऑफिसमधल्या एकानं यूआरचं सांगितलं. ही सरकारी संस्था आहे, देशभर तिच्या मोठमोठ्या वसाहती आहेत, दांची म्हणतात त्यांना. तिथं रेइकिन नाही, एजंटची फी नाही, जामीन लागत नाही, करार वाढवायचे पैसे नाहीत. दोन महिन्यांचं डिपॉझिट, पगाराची अट आणि राहायच्या परवान्याचं कार्ड. परदेशी आहे म्हणून कुणी फोन ठेवत नाही. येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते, बाकी काही बघायच्या आत यूआरच्या ऑफिसात जाऊन या. रिकामं घर दिसलं की जो आधी येईल त्याचं, त्यामुळं कागद तयार ठेवून जायचं.

आमची इमारत जुनी आहे, चाळीसेक वर्षं झाली असतील, पण लिफ्ट आहे, खाली पोरांना खेळायला मैदान आहे, सायकलींची मोठी शेड आहे. किल्ली देताना एक कागद देतात त्यावर घरात आधीपासून जे ओरखडे, डाग, फुटलेल्या फरशा असतील ते लिहून द्यायचं. हे काम कंटाळा न करता करा. आम्ही दोघांनी मोबाईलचा टॉर्च लावून (दिवा नव्हताच) प्रत्येक भिंत बघितली आणि फोटो काढून ठेवले, कारण सोडताना त्याच कागदावरून डिपॉझिटचा हिशोब होतो.

निशी-कासाई हा तोक्योतला आमचा भाग. तोच का, तर नवऱ्याचं ऑफिस ओतेमाची या बँकांच्या भागात आणि तोझाई ही रेल्वे लाईन इथून सरळ ओतेमाचीला जाते. आपली माणसं इथं इतकी का, याचंही अर्धं कारण हीच रेल्वे आहे. २००० सालच्या आसपास वायटूके म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तारखांची भानगड झाली तेव्हा भारतातून बरेच इंजिनिअर तोक्योत आले, त्यांची कामं बँकांच्या भागात, आणि त्या लाईनवर परवडणारं हे ठिकाण. त्यांनाही घरं मिळत नव्हती. तेव्हा इथं आधीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्या पोरांना घरं मिळवून द्यायला, जेवणाखाणाची सोय करायला खूप मदत केली, इथली जुनी मंडळी अजून त्यांचं नाव काढतात. आणि २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डच्या निवडणुकीत आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले, मराठी माणूस तोक्योच्या वॉर्डात सभासद! सांगलीत पेपरात वाचलं होतं तेव्हा कौतुक वाटलं होतं, आपण त्याच वॉर्डात राहायला येऊ असं मनातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला आला. वीज आणि पाणी ऑनलाईन अर्ज करून चालू होतं पण गॅस चालू करताना घरात माणूस हजर लागतं, त्याची वेळ आधी ठरवून घ्यायची, नाहीतर आंघोळीला गरम पाणी नाही आणि चहाही नाही. शेगडी घेताना आपल्या घराला कुठला गॅस येतो ते बघायचं, शहराच्या पाईपचा वेगळा आणि सिलिंडरचा वेगळा, शेगडी एकाची दुसऱ्याला चालत नाही. त्या माणसानं सगळं तपासलं आणि मग मला बाहेर नेऊन मीटर दाखवला. मोठा भूकंप झाला, साधारण इथल्या मोजणीत पाच, की मीटर आपोआप गॅस बंद करतो. मग घाबरायचं नाही, शेगड्या बंद आहेत ना बघायचं, हे बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकत राहील, तीन मिनिटं थांबायचं, दिवा थांबला की गॅस चालू. हे त्यानं खुणा करून, घड्याळ दाखवून मला दोनदा करायला लावलं. मला तेव्हा जपानी म्हणजे नुसतं हिरागाना, म्हणजे इथली सगळ्यात सोपी लिपी, वाचता येत होतं, तरी समजलं. पुढं नोव्हेंबरात रात्री दोन वाजता घर हललं, कपाटाची दारं वाजली, दोघांचे फोन एकदम किंचाळले, तेव्हा गॅस काही बंद झाला नाही, हादरा लहान होता, पण उठल्या उठल्या मला आधी ते लाल दिव्याचं बटण आठवलं.

सामानातलं एक सांगते, मिक्सर आणू नका. मी सांगलीहून साडेसातशे वॉटचा मिक्सर कपड्यात गुंडाळून आणला, बॅगेतले पाच किलो त्याच्यात घालवले. इथं वीज १०० व्होल्ट. आपला मिक्सर त्यावर नीट फिरतच नाही, आणि जड ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हणजे मिक्सरच्या किमतीवर. शेवटी अमेरिकेतल्या लोकांसाठी बनवलेला आपल्या कंपनीचा मिक्सर मागवला, तो चालतो बऱ्यापैकी. कुकर मात्र जरूर आणा, रिंगा जास्तीच्या आणा. तांदळाची काळजी नको, इथला तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट होतो, वरणभाताला फार छान. भेंडी मिळते पण जाळीच्या पिशवीत आठ-दहा, मोजून. आळकुड्या मिळतात, सातोइमो म्हणून, सगळीकडे, स्वस्त. कणीक, डाळी, कढीपत्ता स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात. शाकाहारी असाल तर "दाशी" हा शब्द आधी शिका, माशाचं पाणी, ते सॉसमध्ये, सूपमध्ये, चिप्समध्ये सुद्धा असतं. यापेक्षा खाण्याचं जास्त लिहित नाही, त्याच्यावर सगळेच लिहितात.

मला ज्याच्यावर लिहायचंय ते वॉर्ड ऑफिसच्या त्या पाकिटावर.

नवीन घरात आलं की चौदा दिवसांच्या आत वॉर्डात जाऊन पत्ता नोंदवायचा, मग कार्डाच्या मागं पत्ता छापून देतात. आम्ही गेलो, नंबर घेतला, फॉर्म भरले, लेकीच्या शाळेचं विचारलं, आणि निघताना बाईंनी एक जाड पाकीट दिलं, त्यात कचऱ्याचं वेळापत्रक, दवाखान्यांची यादी आणि पुराचा नकाशा. घरी येऊन नकाशा उघडला. एदोगावा वॉर्डनं २०१९ मध्ये काढलेला नकाशा आहे तो. सगळा वॉर्ड रंगवलेला आणि त्याच्यावर एक वाक्य, नवऱ्यानं वाचून दाखवलं, "इथे थांबायचं नाही." म्हणजे मोठा पूर आला तर वॉर्डात कुठं जा असं सांगतच नाहीत, वॉर्डच सोडा म्हणतात. वॉर्डची साधारण सत्तर टक्के जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. पूर्वी कारखान्यांनी जमिनीतलं पाणी उपसून उपसून ती खचली. एका अंगाला आराकावा नदी, दुसऱ्या अंगाला एदोगावा नदी, खाली तोक्योची खाडी, आणि पाणी शिरलं तर काही भागात एक-दोन आठवडे हटणार नाही असं त्यात लिहिलेलं.

मी सांगलीच्या गावभागातली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही आधी पंचेचाळीस फूट म्हणजे धोका हे ऐकत मोठे झालेलो, २००५ चा पूर बघितलेला, तेव्हा जिथवर पाणी आलं होतं त्याच्या वर चार बोटं सामान ठेवलं की झालं असं आईबाबांना वाटलं. ते सगळं सामान गेलं. लेक तेव्हा तान्ही, आम्ही बाळंतपणाच्या निमित्तानं माहेरीच. शेजारच्या काकूंच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं तीन दिवस होतो, मग बोट आली. मला त्या पुराचं पाणी जेवढं आठवतं त्याच्यापेक्षा जास्त काकूंचा जिना आठवतो. त्यांनी हाकही मारली नव्हती, दार उघडं ठेवलं होतं आणि आम्ही चढून गेलो.

तो नकाशा जमिनीवर पसरून मी बसले होते आणि मला एकच दिसत होतं की आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत, इमारत चौदा मजल्यांची आहे, आणि वर एकाही माणसाला आपण ओळखत नाही. नवरा म्हणाला अगं इतकं नको मनावर घेऊ, इथं बांध केवढे आहेत, पंप आहेत. बरोबर आहे त्याचं. पण पूर बघितलेल्या माणसाला बांधापेक्षा शेजार आधी लागतो.

मग मी शेजाराच्या मागं लागले. इथं नवीन राहायला आलं की आजूबाजूला छोटी भेट घेऊन जायची पद्धत आहे, टॉवेल, साबण असलं काहीतरी, समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन अशी म्हणच आहे जपानीत, आणि इमारतीत वरचं आणि खालचं घर. पूर्वी सोबा नूडल्स द्यायचे, कारण सोबा म्हणजे जवळ असाही अर्थ होतो. आता तोक्योत बरेच जण जात नाहीत म्हणे. आम्ही सहा टॉवेल घेतले, दुकानातच वर नावाची पट्टी लावून मिळाली, आणि रविवारी दुपारी तिघं गेलो. दोन घरांनी दार उघडलं नाही, आतून इंटरकॉमवरच थँक्यू म्हणाले. एका घरात तरुण जोडपं, ते इतके वाकले की लेकही वाकत राहिली. आणि बरोबर आमच्या खालच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, एक आजी. एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी टॉवेल घेतला, लेकीकडं बघितलं आणि विचारलं, किती वर्षांची? बस एवढंच. दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कचऱ्याचं झालं. आमच्याकडे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिकचा दिवस वेगळा, बाटल्या-डबे-पेपरचा वेगळा, न जळणारा महिन्यातून दोनदा, आणि सगळं सकाळी आठच्या आत, आदल्या रात्री नाही, कारण कावळे. कावळ्यांसाठी वर जाळी टाकायची असते, आणि इथले कावळे आपल्या कावळ्यांपेक्षा चांगलेच मोठे. मी पिशवी ठेवली आणि लेकीला शाळेत सोडून आले तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या, आमची एकटी तिथं, वर स्टिकर. स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं पण समजायला काय लागतं. पिशवी आरपार दिसणारी असते, आत काय आहे ते सगळ्यांना दिसतं. मला इतकं वाईट वाटलं, परक्या देशात, नवीन वसाहतीत, की बघा ही नवीन आलेली घाण करतात असं कुणाला वाटलं असेल. पिशवी उचलून लिफ्टकडं निघाले तर खालच्या आजी पेटीतला पेपर घ्यायला आलेल्या. त्यांनी पिशवी बघितली, स्टिकर बघितलं आणि माझ्या हाताला धरून मला त्यांच्या घरात नेलं.

ओट्यावर पेपर पसरला, माझी पिशवी उघडली आणि एक एक वस्तू काढून दाखवायला लागल्या. बाटलीचं झाकण आणि लेबल प्लास्टिकमध्ये, बाटली धुवून, चेपून वेगळी. दुधाचा खोका धुवून, कापून, सपाट करून, वाळवून. तेल सिंकमध्ये कधीच नाही, जुन्या कापडात किंवा पेपरात टिपून जळणाऱ्यात. भाज्यांची सालं आधी निथळू द्यायची, मग पेपरात घट्ट गुंडाळायची म्हणजे वास येत नाही. हे त्या करत होत्या आणि मला माझी आजी आठवत होती, तीही कोथिंबिरीच्या काड्या पेपरात अशाच गुंडाळायची. आजी बोलत होत्या ते मला निम्मंही कळलं नाही, पण हात कळले. शेवटी त्यांनी एक पेन आणलं आणि आमच्या कचऱ्याच्या वेळापत्रकावर प्रत्येक वारापुढं छोटं चित्र काढून दिलं, बाटली, पेपर, माशाचा काटा. ते वेळापत्रक अजून फ्रिजवर आहे. नवीन आलं तरी मी जुनं काढलं नाही.

मोठ्या वस्तूचंही सांगून ठेवते, तीस सेंटीमीटरच्या वरची वस्तू साधी टाकता येत नाही, आधी नोंदवायची, मग कॉन्बिनीतून दोनशे आणि तीनशे येनची स्टिकरं मिळतात ती विकत घेऊन, नाव नाहीतर नंबर लिहून, ठरलेल्या दिवशी खाली ठेवायची. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, एसी ह्यात येतच नाहीत, त्यांचा कायदा वेगळा आहे आणि घालवायला बरेच पैसे पडतात, म्हणून कुणी फुकट देतोय म्हणून जुना फ्रिज घरात घेताना विचार करा.

ऑगस्टमध्ये पेट्यांमध्ये एक कागद आला, सगळ्या इमारतीला एकच. पावलांच्या आवाजाची काळजी घ्या, मुलं पळतात. कुणाचं नाव नव्हतं. नवरा म्हणाला सगळ्यांनाच आलाय. पण मला माहिती होतं. सुट्ट्या चालू, बाहेर ऊन असं की मैदानात पाय ठेवता येत नाही, आणि लेक घरात सकाळपासून इकडून तिकडं. त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन जाड फोमच्या चटया आणल्या, दोन्ही खोल्यांत घातल्या आणि वाटीभर वरण घेऊन खाली गेले माफी मागायला. फोनमधल्या भाषांतरावर बोललो आम्ही. आजी म्हणाल्या कागद मी दिला नाही. पळू दे, फक्त रात्री आठनंतर नको, मी झोपते. आणि मग विचारलं, रोज सकाळी सात वाजता तुमच्याकडं कसला भोंगा वाजतो, मला पहिले पंधरा दिवस वाटायचं गॅस गळतोय. मी त्यांना वर आणलं, कुकर लावून दाखवला. तीन शिट्ट्या होईस्तोवर त्या समोर उभ्या राहिल्या, हात मागं बांधून. मग वरण चाखलं, हिंगाला काय म्हणतात विचारलं, वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून येणं-जाणं सुरू झालं, रोजचं नाही, इथं कुणी कुणाकडं उठसूट जात नाही. पण काइरानबान म्हणजे वसाहतीच्या सूचनांची फिरती पाटी आली की ती पुढच्या घराच्या दाराला अडकवायच्या ऐवजी मी बेल वाजवून देते. आमच्या आडनावाचा शिक्का करून घेतलाय, काताकानात म्हणजे परदेशी नावं लिहायच्या लिपीत, तो मारायचा आणि पुढं द्यायची. संध्याकाळी पाचला बाहेरच्या भोंग्यांवर लहान पोरांच्या गाण्याची चाल वाजते, पोरं त्यावर घरी जातात. मला वाटायचं पोरांसाठीच आहे, आजींनी सांगितलं की आपत्तीच्या सूचना देणारे भोंगे आहेत ते, चालू आहेत का हे रोज असं तपासतात. बाल्कनीचंही त्यांनीच सांगितलं. दोन घरांच्या बाल्कन्यांच्या मध्ये पातळ फळी असते, आग लागली तर ती लाथेनं फोडून शेजारच्या घरातून बाहेर पडायचं, म्हणून तिच्यासमोर कुंड्या ठेवायच्या नसतात. मी तिथंच तुळस ठेवली होती. हलवली.

सप्टेंबरात गणपती. शाडूची छोटी मूर्ती नवऱ्यानं इथल्याच ओळखीतून मिळवली, दीड दिवसाचा बसवला, बादलीत विसर्जन केलं. मग मी निर्माल्य हातात घेऊन त्या वेळापत्रकासमोर उभी राहिले. नियमानं फुलं जळणाऱ्या कचऱ्यात. पाय निघेना. सांगलीत निर्माल्याचे कलश असतात कृष्णाकाठी. शेवटी बादलीतली माती आणि फुलं मिळून दोन मोठ्या कुंड्या भरल्या, एकीत झेंडू लावला. ह्यावर ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं, पण नदीत मात्र काही सोडू नका, आराकावा असो नाहीतर खाडी.

आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत तायफू म्हणजे चक्रीवादळ आलं. फोनवर दोन दिवस आधीपासून सूचना. इथं पायऱ्या असतात, तीन नंबरची सूचना आली की म्हातारी माणसं, लहान मुलं असलेली घरं यांनी निघायचं, चार नंबरला सगळ्यांनी. आमच्याकडे अजून काहीच नव्हतं, नुसता पाऊस, पण माझ्या पोटात गोळा आला होता. मी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पाणी भरलं, पॉवर बँका चार्ज केल्या आणि आजींकडे गेले, म्हणलं तुम्ही एकट्या आहात, दुसऱ्या मजल्यावर, वर आमच्याकडे या. आजींनी माझ्याकडं बघितलं, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, तिसऱ्या मजल्याचा काय उपयोग, चल. लिफ्टनं थेट नवव्या मजल्यावर नेलं. बेल वाजवली. आतून आणखी एक आजी आल्या. आमच्या आजींनी माझ्याकडे बोट करून त्यांना काहीतरी सांगितलं, त्यात "सानगाई" म्हणजे तिसरा मजला आणि "कोदोमो" म्हणजे मूल एवढं मला कळलं. नवव्या मजल्यावरच्या आजींनी आत जाऊन वही आणली आणि माझ्याकडून आमचं आडनाव, फोन नंबर आणि किती माणसं ते लिहून घेतलं. वहीत आधीची पाच-सहा नावं होती, आमच्या आजींचं पहिलं. ऑक्टोबर २०१९ च्या मोठ्या तायफूत वॉर्डनं नदीकाठच्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं होतं, आमच्या आजी तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये रात्रभर बसल्या होत्या, आणि त्यानंतर ह्या दोघींनी मिळून ती वही सुरू केली. ऑगस्टमध्ये आम्ही काकूंच्या जिन्यावर आणि दोन महिन्यांनी ह्या इथं हॉलमध्ये, एकाच वर्षी.

ते तायफू बाजूनं गेलं. दोन झाडं पडली, सायकलींची शेड आडवी झाली, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. पावसाळ्यात आमचं रोजचं बोलणं कायम एकाच गोष्टीवरून सुरू व्हायचं, मी विचारायचे आयर्विनला पाणी किती आहे आणि ती फूट-इंचात सांगायची. त्या दिवशी तिनं आधी विचारलं, तुमच्या नदीचं पाणी कुठवर आलंय गं? मी तिला आराकावाचा आमच्याकडचा भाग मुळात माणसांनी खणलेला आहे, १९१० च्या पुरानंतर शहर वाचवायला खणायला घेतला आणि १९३० मध्ये पुरा झाला, हे सांगत बसले तर तिनं मध्येच तोडलं. म्हणाली ते राहू दे, वर कुणाकडे जायचं ते बघून ठेवलंयस का? म्हणलं हो, नवव्या मजल्यावर. नाव लिहिलंय वहीत.